“मी तेच तर लिहिलंय!” : आपोआप बदलणाऱ्या चिन्हांची भानगड

सबमिशनचा आठवडा होता. रात्री साडेअकराला भाचीचा फोन आला. ती इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. “मावशी, प्रोग्रॅम रनच होत नाहीये. जर्नलमधून जसाच्या तसा घेतलाय.” जर्नल म्हणजे सीनियरांकडून ज्युनियरांकडे वारशाने येणारी फाइल. त्यातला कोड कधीकाळी कुणीतरी वर्ड प्रोसेसरमध्ये चिकटवलेला असतो, त्यावर नाव आणि रोल नंबर बदलत पिढ्या पास होतात.

तिने स्क्रीनचा फोटो पाठवला. पहिल्याच ओळीवर लाल रेघ आणि खाली इंग्रजीत तक्रार, की हे अक्षर चालणार नाही. ओळ इतकीच होती: प्रिंट(“नमस्कार”). मी म्हटलं, ती दोन अवतरणचिन्हं पूस आणि तुझ्या हाताने पुन्हा टाइप कर. तिने केलं. प्रोग्रॅम चालला. मग तीन सेकंद शांतता, आणि “पण मी तेच तर लिहिलंय!”

तिने तेच लिहिलेलं नव्हतं. डोळ्यांना ते तेच दिसत होतं, एवढंच. हल्ली एआयला विचारून मिळालेला कोड नोट्समध्ये ठेवायचा, तिथून मेलमध्ये, मेलमधून एडिटरमध्ये (म्हणजे मजकूर किंवा कोड लिहायच्या प्रोग्रॅममध्ये), असा प्रवास पुष्कळ जण करतात. त्यामुळे हा रात्रीचा फोन आता फक्त इंजिनिअरिंगवाल्यांच्या घरी येत नाही.

## दिसायला एक, मोजायला तीन

कॉम्प्युटर अक्षर बघत नाही, क्रमांक बघतो. प्रत्येक अक्षराला, प्रत्येक चिन्हाला एक क्रमांक ठरलेला आहे. जगातल्या सगळ्या लिप्यांना असे क्रमांक देणाऱ्या व्यवस्थेचं नाव युनिकोड.

आता कीबोर्डवरचं दुहेरी अवतरणचिन्ह घ्या, दोन उभ्या रेघांचं: ". त्याचा क्रमांक ३४. सुरुवातीला आणि शेवटी, दोन्हीकडे तेच. याला आपण ‘सरळ’ म्हणू. छापील पुस्तकात मात्र सुरुवातीचं चिन्ह वेगळं वळलेलं असतं, “ असं, आणि शेवटचं उलट्या बाजूला, ” असं. ही ‘वळणदार’ जोडी. यांचे क्रमांक ८२२० आणि ८२२१. एकेरीचंही तसंच आहे: सरळ ते ३९, वळणदार ते ८२१६ आणि ८२१७. साधं संयोगचिन्ह ४५ वर आहे, त्याहून जरा लांब रेघ ८२११ वर आणि सगळ्यात लांब रेघ ८२१२ वर. तीन टिंबं वेगवेगळी टाइप केली तर ती तीन चिन्हं असतात. एडिटरने त्यांचं एकच लोपचिन्ह केलं की तो झाला ८२३० क्रमांकाचा एकच प्राणी.

आपला डोळा उदार आहे. डॉक्टरांच्या चिठ्ठीतला ‘व’ आणि ‘ब’ आपण संदर्भाने ओळखतो. कुलूप असं उदार नसतं. किल्लीचा एक दात जरा घासला तरी ते उघडत नाही, आणि किल्ली सोन्याचा मुलामा दिलेली असली तरी त्याला फरक पडत नाही. भाचीचा प्रोग्रॅम पायथन या भाषेत होता. पायथनच्या दृष्टीने ३४ म्हणजे ‘इथून मजकूर सुरू’. ८२२० म्हणजे त्या जागी नसायला हवं होतं असं काहीतरी.

## ही दोन घराणी आली कुठून?

छापखान्यात जोवर शिशाचे खिळे जुळवले जात होते तोवर सुरुवातीच्या आणि शेवटच्या अवतरणाचे खिळे वेगळे असायचे. अडचण आली ती टाइपरायटरमुळे. यंत्राला कळा मोजक्याच बसवता येतात. मग दोन चिन्हांऐवजी एकच उभं चिन्ह ठेवलं, दोन्ही टोकांना तेच वापरा. काटकसर म्हणून आलेली ही गोष्ट पुढे कायम झाली.

१९६३ मध्ये ॲस्की नावाची अमेरिकन मानक यादी निघाली. तिच्यात जागा एकूण १२८, त्यातल्या काही तर दिसणाऱ्या अक्षरांसाठी नव्हत्याच. तिथे वळणदार जोडीची चैन परवडणारी नव्हती. प्रोग्रॅमिंगच्या बहुतेक भाषांचं व्याकरण या १२८ खणांच्या पेटीतून बांधलं गेलं आणि ते आजही त्याच पायावर उभं आहे. युनिकोड नंतर आलं, पुस्तकी चिन्हंही सोबत घेऊन आलं, पण तोवर घराचा पाया भरून झाला होता.

आपल्याकडे या बाबतीत जरा गंमत आहे. मोडी लिपीत विरामचिन्हं नव्हती, शब्दांमध्ये मोकळी जागाही सोडत नसत, आणि तरी दौलतीचा सगळा कारभार त्या कागदांवर चालला. मराठीत विरामचिन्हं रुजवण्याचं श्रेय एकोणिसाव्या शतकातल्या मेजर थॉमस कँडींना दिलं जातं. म्हणजे माणसाला चिन्हं नसली तरी चालतं, असली तर वाचन सोपं होतं. कॉम्प्युटरचं नेमकं उलटं आहे. त्याच्यासाठी चिन्ह हा आज्ञेचाच भाग असतो.

## एडिटर ओळखतो तरी काय?

वर्ड प्रोसेसर आले, टाइपरायटरच्या कागदासारखा दिसणारा मजकूर लोकांना पुस्तकासारखा दिसायला हवा होता. पण कीबोर्डवर तर एकच कळ. तेव्हा प्रोग्रॅमने अंदाज बांधायचा: तुम्ही सरळ चिन्ह दाबा, मी योग्य ते वळणदार बसवतो. या सोयीला इंग्रजीतून ‘स्मार्ट कोट्स’ हे नाव पडलं.

हा प्रकार मराठी माणसाला परका नाही. रोमन अक्षरं दाबायची आणि पडद्यावर देवनागरी उमटवायची, हे आपण रोज करतो. तेही आपोआप होणारं अक्षरबदलच. आणि पासवर्ड टाकताना मराठी कीबोर्ड सुरू राहिला की काय होतं, हेही आपल्याला चांगलं ठाऊक आहे. सोय तीच, फक्त चुकीच्या दारात उभी.

स्मार्ट कोट्सचा नियम ऐकाल तर ‘स्मार्ट’ हा शब्द जरा जास्तच वाटेल. चिन्हाच्या आधी मोकळी जागा असेल, ओळीची सुरुवात असेल किंवा उघडा कंस असेल, तर सुरुवातीचं चिन्ह टाक. नाहीतर शेवटचं टाक. साधारण एवढंच. त्यामुळे शतक गाळून '९० असं साल लिहिलं, की पुष्कळ प्रोग्रॅम तिथे सुरुवातीचं अवतरणचिन्ह बसवतात, ‘९० असं. खरं तर तिथे ’९० हवं, कारण ते अवतरण नाहीच, गाळलेल्या आकड्यांची खूण आहे. इंग्रजी पाट्यांवर आणि जाहिरातींवर ही चूक इतकी दिसते की आता डोळ्यांना तीच बरोबर वाटू लागली आहे.

नियमाला अर्थ कळत नाही, फक्त शेजारचं अक्षर कळतं. तुम्ही कथा लिहिताय की कोड, हे त्याला कुठून कळणार?

## एक अपघात, जवळून

पायथनने तक्रार केली हे नशीबच म्हणायचं. तक्रार न करता काम करून मोकळी होणारी जागाही आहे. लिनक्स किंवा मॅकवरची ती काळी खिडकी, जिथे आज्ञा टाइप करून काम सांगतात आणि जिला टर्मिनल म्हणतात.

समजा तुमच्याकडे दोन फाइली आहेत. एकीचं नाव ‘यादी’, ती चालू कामाची. दुसरीचं नाव ‘जुनी यादी रद्द’, ती पुसायची आहे. टर्मिनलमध्ये पुसण्याच्या आज्ञेचं नाव आरएम. फाइलच्या नावात मोकळ्या जागा असल्याने नाव अवतरणात लिहावं लागतं:

आरएम "जुनी यादी रद्द"

सरळ चिन्हं पाहून टर्मिनल समजतं, की हे सगळं मिळून एक नाव. पण ही ओळ तुम्ही एखाद्या नोट्सच्या ॲपमधून आणली आणि ॲपने चिन्हं सजवून ठेवली होती:

आरएम “जुनी यादी रद्द”

टर्मिनलला ८२२० आणि ८२२१ हे अवतरण वाटत नाहीत, ती साधी अक्षरं. मग तीन शब्द म्हणजे तीन फाइली. पहिली “जुनी, दुसरी यादी, तिसरी रद्द”. पहिली सापडत नाही, तिसरीही सापडत नाही, तसे दोन निरोप येतात. मधली सापडते आणि पुसली जाते. जी ठेवायची होती तीच. आरएमने पुसलेलं कचरापेटीत जात नाही, तेव्हा उचलून परत आणायची सोयही नाही. तुम्ही दोन एरर वाचता, “चला, काही झालं नाही” म्हणता आणि पुढच्या कामाला लागता.

रेघांचंही असंच. अनेक आज्ञांचे पर्याय दोन संयोगचिन्हांनी सुरू होतात, आणि दोन संयोगचिन्हं लागोपाठ दिसली की बरेच एडिटर त्यांची एक लांब रेघ करून टाकतात. टर्मिनल त्या रेघेला पर्याय मानत नाही, बहुतेकदा एखाद्या फाइलचं नाव समजतं.

वेबपानं ज्या भाषेत लिहितात त्या एचटीएमएलमध्ये घोटाळा आणखी हळू होतो. लिंकचा पत्ता सहसा सरळ अवतरणात लिहितात. तिथे वळणदार चिन्हं आली तर ब्राउझर ओरडत नाही, ती चिन्हं पत्त्याचाच भाग समजतो. लिंक निळी दिसते, अधोरेखित दिसते, दाबली की तुमच्याच साइटवरच्या, अस्तित्वात नसलेल्या पानावर जाते. मराठी विकिपीडियावर लिहिणाऱ्यांनाही हे भेटतं. तिथे शब्दाच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन सरळ एकेरी चिन्हं दिली की तो तिरपा होतो, तीन-तीन दिली की ठळक. फोनने ती वळवून ठेवली की शब्द तसाच राहतो, वर चिन्हांची तोरणं लटकत बसतात.

आणि जुन्या मजकुरात टोपी घातलेला रोमन ए, त्यापुढे € आणि ™ अशी विचित्र तिकडी दिसली आहे का कधी? तीही यांच्यातलीच. एका वळणदार एकेरी चिन्हाचे साठवणुकीत तीन तुकडे असतात. वाचणाऱ्या प्रोग्रॅमने जुनी विंडोजची यादी धरून ते सुटेसुटे वाचले की हे रूप दिसतं.

## “मी प्रोग्रॅमर नाही, मला काय त्याचं?”

एक्सेल उघडा आणि एका खणात इंग्रजी आकड्यांत ७/१२ टाइप करा. एंटर दाबताच सातबाऱ्याची ७ डिसेंबर होते, किंवा कॉम्प्युटरवर अमेरिकन पद्धत असेल तर १२ जुलै. गट नंबर आणि हिस्सा लिहिताना ५/२ टाकलं, तर तिथेही तारीख. बरं, मग खण ‘मजकूर’ प्रकारात बदलला तर जुनं परत येईल? नाही येत. पाच आकडी एक संख्या येते, कारण एक्सेल तारीख दिवसांच्या मोजणीत साठवतं. तुम्ही काय लिहिलं होतं, हे आता फाइललाच माहीत नाही.

यातून शास्त्रज्ञही सुटलेले नाहीत. माणसाच्या काही जनुकांची इंग्रजी नावं ‘मार्च १’, ‘सेप्ट १’ अशी होती, आणि एक्सेलने त्यांच्या तारखा केल्या. जीनोम बायॉलॉजी या नियतकालिकात २०१६ साली एक पाहणी आली. शोधनिबंधांना जोडलेल्या एक्सेलच्या जनुकयाद्या तपासल्या, तेव्हा जवळजवळ पाचातल्या एका निबंधाच्या यादीत असे बिघाड निघाले. शेवटी २०२० मध्ये जनुकांना नावं देणाऱ्या आंतरराष्ट्रीय समितीने जाहीर केलं की नावंच बदलली आहेत: ‘मार्च १’चं ‘मार्चएफ १’, ‘सेप्ट १’चं ‘सेप्टिन १’. एक्सेलमध्ये हा आपोआप बदल थांबवायचं सेटिंग आलं ते त्यानंतर, २०२३ मध्ये. सेटिंग बदलण्याआधी माणसाची जनुकं बदलली, निदान नावापुरती! मला हे वाचून हसू आलं होतं, पण ज्यांच्या याद्या बिघडल्या त्यांना आलं नसणार.

सातबाऱ्यावर उपाय साधा आहे. टाइप करण्याआधी पूर्ण रकान्याचा प्रकार ‘मजकूर’ करून ठेवायचा, किंवा आकड्याच्या आधी एक सरळ एकेरी चिन्ह टाकायचं. ते छापलं जात नाही, एक्सेलला फक्त एवढंच कळतं, की बाबा, याला हात लावू नकोस.

## “मग कॉम्प्युटरनेच समजून घ्यावं की!”

हा प्रश्न रास्त आहे, आणि काहींनी तसं केलंही आहे. मायक्रोसॉफ्टचं पॉवरशेल, म्हणजे टर्मिनलसारखंच आज्ञा घेणारं साधन, वळणदार चिन्हंही अवतरण म्हणून स्वीकारतं, लांब रेघेला संयोगचिन्हासारखं चालवून घेतं. राकू नावाची प्रोग्रॅमिंगची भाषाही वळणदार जोडी मानते. मग सगळ्यांनी का नाही?

कारण उदारपणाची किंमत असते. समजा एखादा प्रोग्रॅम लोकांकडून नाव विचारतो आणि ते नाव अवतरणात घालून पॉवरशेलकडे पुढे पाठवतो. कुणी नावातच सरळ अवतरणचिन्ह घालून आज्ञा घुसवू नये म्हणून लिहिणाऱ्याने सरळ चिन्हांचा बंदोबस्त केला. पण इथे अवतरण वळणदार चिन्हानेही संपतं, हे तो विसरला. झालं, मागचं दार उघडं राहिलं. एका दाराला एक किल्ली असते तेव्हा पहारा सोपा असतो.

दुसरं असं, की प्रोग्रॅममधल्या मजकुरात वळणदार चिन्हं खरोखरच हवी असतात. प्रिंट("तो म्हणाला, “येतो”") या ओळीत बाहेरची चिन्हं यंत्रासाठी आहेत आणि आतली वाचणाऱ्यासाठी. दोन घराणी वेगळी आहेत म्हणूनच ही ओळ इतकी सुटसुटीत लिहिता येते. सगळी एकच मानली तर “येतो”च्या आधीच मजकूर संपला असं यंत्र समजेल.

## “तर मग हे सगळीकडे बंदच करावं का?”

मी करत नाही. कथा, पत्र, पुस्तक, लग्नाची पत्रिका, इथे वळणदार चिन्हंच शोभतात. उभ्या रेघांनी भरलेलं पान टाइपरायटरवरच्या अर्जासारखं दिसतं. प्रश्न सजावट हवी की नको असा नाहीच. ती कधी करायची, हा आहे.

पोह्यांवर खोबरं-कोथिंबीर पेरतात ती ताटलीत वाढताना. फोडणीतच घातली तर दोन्ही वाया जातात. मजकुराचंही तसंच आहे. साठवायचा सरळ चिन्हांत आणि वाचकासमोर वाढताना सजवायचा. ही पद्धत नवी नाही. डोनाल्ड कनुथ यांच्या टेक या छपाईची पानं जुळवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, ज्याची पहिली आवृत्ती १९७८ ची, तुम्ही साधी चिन्हंच टाइप करता. दोन संयोगचिन्हं म्हणजे मध्यम रेघ, तीन म्हणजे लांब रेघ, आणि छापाचं पान तयार होताना टेक त्यांचं रूपांतर करतं. मूळ फाइल साधीच राहते. जॉन ग्रुबर यांनी वेबसाठी स्मार्टीपँट्स नावाचं छोटं साधन लिहिलं. तेही चिन्हं सजवतं, पण कोडच्या चौकटीत शिरत नाही. फाइल एका प्रकारातून दुसऱ्यात नेणारं पॅनडॉकही मार्कडाउनचं, म्हणजे साध्या खुणांनी मांडणी सांगणाऱ्या मजकुराचं, रूपांतर करताना तसंच वागतं. यांना जमतं कारण मार्कडाउन किंवा एचटीएमएलमध्ये कोड कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो हे लिहिलेलंच असतं. टाइप करताना ओळखणाऱ्या एडिटरला ती खूण मिळालेली नसते.

मला सगळ्यात आवडतो तो ईमॅक्स या एडिटरमधल्या, टेकसाठी असलेल्या ऑकटेक या जोडणीचा शहाणपणा. टेकच्या फाइलमध्ये दुहेरी अवतरणाची कळ दाबली तर तो टेकला कळेल अशी चिन्हजोडी घालतो. आणि लागोपाठ दुसऱ्यांदा दाबली की निमूटपणे सरळ चिन्ह देतो. अंदाज बांधावा, पण मालकाने परत सांगितलं तर ऐकावं. बऱ्याच एडिटरांना हे उमगलेलं नाही.

## सेटिंग लपलंय कुठे

आधी एक युक्ती, जी सेटिंग न बदलता चालते. वर्डसारख्या प्रोग्रॅममध्ये चिन्ह वळल्या वळल्या लगेच कंट्रोल-झेड दाबा. टाइप केलेलं चिन्ह जात नाही, फक्त केलेली सजावट मागे घेतली जाते. एखाद-दुसऱ्या ठिकाणी सरळ चिन्ह हवं असेल तर एवढं पुरतं.

कायमचं बंद करायचं असेल तर वर्डमध्ये फाइल, ऑप्शन्स, प्रूफिंग, तिथून ऑटोकरेक्ट ऑप्शन्स आणि मग ‘ऑटोफॉरमॅट ॲज यू टाइप’. गूगल डॉक्समध्ये टूल्सखालच्या प्रेफरन्सेसमध्ये एक टिकमार्क आहे. मॅकवर सिस्टिम सेटिंग्जमध्ये कीबोर्ड, त्यात टेक्स्ट इनपुटचं एडिट बटण. आयफोनवर सेटिंग्ज, जनरल, कीबोर्ड, आणि ‘स्मार्ट पंक्च्युएशन’. हे २०१७ साली आयओएस ११ सोबत आलं.

व्हीएस कोडसारखे कोडचे एडिटर स्वतः चिन्हं वळवत नाहीत. कोड तिथेच लिहा, तिथेच साठवा, आणि दुसऱ्याला पाठवायचा असेल तर साधी फाइल पाठवा. वर्डमधून फिरवून आणू नका. शालू नेसून कुणी भात लावायला जात नाही. व्हीएस कोड २०२१ पासून संशयास्पद चिन्हांभोवती चौकटही काढतो, म्हणजे ज्यांचं रूप नेहमीच्या अक्षरासारखं पण क्रमांक दुसराच आहे अशा काहींच्या. भाचीला मी तोच बसवून दिला. आता फोन येतात ते दुसऱ्या कारणांसाठी.

## साफसफाई करताना जरा जपून

आधीच बिघडलेली फाइल असेल, तर ‘शोधा आणि बदला’ने वळणदारची सरळ करता येतात. पण फक्त कोडच्या भागात करा. लेखाच्या पूर्ण मजकुरावर नांगर फिरवू नका. वेबपानावरून घेतलेल्या कोडमध्ये मोकळी जागासुद्धा कधी कधी नेहमीची नसते. ३२ ऐवजी १६० क्रमांकाची असते, दिसायला अगदी तशीच. मग माणूस वैतागतो आणि इंटरनेटवर एखादं साफसफाईचं साधन शोधतो: मजकूर टाका, सगळी ‘अदृश्य’ चिन्हं काढून मिळतील.

कोडसाठी ते ठीक असेल. मराठी मजकुरावर मात्र ते चालवायच्या आधी थांबा. आपला अर्धा र, ‘तऱ्हा’, ‘वारा’चं ‘वाऱ्या’ यांतला, दोन पद्धतींनी लिहिला जातो. एकात त्याचं स्वतंत्र अक्षर ऱ वापरतात. दुसऱ्या पद्धतीत साधा र, हलन्त आणि त्यामागे ८२०५ क्रमांकाचं एक अदृश्य चिन्ह असतं, जे र ला रफार होऊ देत नाही. कित्येक कीबोर्डांवरून अजूनही हीच दुसरी पद्धत येते. साफसफाईवाल्याला ते ८२०५ कचरा वाटतं. तो ते उचलतो, र उडी मारून पुढच्या अक्षराच्या डोक्यावर बसतो, आणि सह्याद्रीतल्या सगळ्या दऱ्यांचा एका क्लिकमध्ये दर्या होतो.